राजीनामा, गिटार आणि सकाळचा अर्धा तास

सोमवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य कोणतं? ‘गुड मॉर्निंग’? छे! ‘यार, सोडून द्यावंसं वाटतंय सगळं!’

आणि सगळं सोडून करायचं काय, याची उत्तरंही ठरलेली. गोव्यात शॅक टाकायचा. हिमाचलात होमस्टे काढायचा. इगतपुरीला जाऊन दहा दिवस मौन धरायचं. आणि हो, ती भिंतीवर टांगलेली गिटार! पहिल्या बोनसमधून घेतलेली, तीन कॉर्ड्सच्या पुढे कधीच न गेलेली. ती आता ‘सीरियसली’ शिकायची. आमच्या टीममध्ये सहा जण आहेत आणि त्यातल्या चौघांच्या घरी अशी गिटार आहे. उरलेल्या दोघांकडे कीबोर्ड आहे.

म्हणून आज गोष्ट अशा माणसाची, ज्याने हे खरंच केलं. वय २८, करिअर टॉपवर, नवा अल्बम तयार, दुकानात यायला थोडेच दिवस बाकी. आणि या पठ्ठ्याने जाहीर केलं, की आपला बँड संपला! त्याचं नाव रॉबर्ट फ्रिप. इंग्लिश गिटारिस्ट, किंग क्रिमझन या बँडचा सूत्रधार, पुढे जगभरातल्या गिटार शिकणाऱ्यांचा मास्तर, आणि मन ठिकाणावर कसं ठेवायचं हे गिटारच्या निमित्ताने सांगत राहिलेला माणूस.

‘कोण हा? नाव ऐकलं नाही बुवा,’ असं म्हणत असाल तर थांबा. नाव नसेल ऐकलं, पण त्याला तुम्ही ऐकलंय. तेही शेकडो वेळा.

चार सेकंदांची ओळख

विंडोज व्हिस्टा आठवतंय? २००७ च्या सुरुवातीला बाजारात आलं आणि सगळ्यांनी मनसोक्त शिव्या घातल्या ते? कॉम्प्युटर सुरू होताना त्यात एक छोटासा, तरंगत आल्यासारखा सूर वाजायचा. जेमतेम चार सेकंदांचा. नंतर विंडोज सेव्हनमध्येही तोच राहिला. कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, पहिल्या नोकरीतलं पहिलं डेस्क, सगळीकडे दिवस त्याच सुरावर सुरू व्हायचा. तो सूर ज्या वादनातून घडला, ते वादन फ्रिपचं. त्याने मायक्रोसॉफ्टच्या स्टुडिओत बसून तासन्‌तास गिटार वाजवली. पुढे टकर मार्टिन आणि स्टीव्ह बॉल यांनी त्यावर काम करून ते चार सेकंद घडवले. (स्टीव्ह बॉल हे नाव लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.)

गंमत बघा. विंडोज ९५ सुरू होतानाचा सूर ज्याने केला, तो ब्रायन ईनो हा फ्रिपचा जुना जोडीदार. दोघांनी मिळून १९७३ मध्ये टेप रेकॉर्डरवर प्रयोग करत एक अख्खा अल्बम काढला होता. म्हणजे आपल्या पिढीने ऑफिसला जाऊन मशीन ऑन केली, की कानावर पडायचं ते या दोन दोस्तांपैकी एकाचं काम!

आणि डेव्हिड बोवीचं ‘हीरोज’? १९७७ चं, बर्लिनमध्ये रेकॉर्ड झालेलं? त्यात सुरुवातीपासून एक गिटार लांबच लांब सूर धरून गाण्यावर पसरलेली असते. तीही फ्रिपचीच. स्टुडिओत अँपपासून किती अंतरावर उभं राहिलं की कोणता सूर घुमतो, हे शोधून त्याने त्या त्या जागा पक्क्या केल्या होत्या. म्हणजे गाण्यासाठी हा माणूस जमिनीवर पावलं मोजत होता. इंजिनीअर मंडळींना हे फार आवडेल.

सूर नाही, ताल नाही, तरीही

फ्रिपचा जन्म १६ मे १९४६ चा. गाव विमबोर्न, इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातलं. वडिलांचं इस्टेट एजंटचं ऑफिस. १९५७ च्या ख्रिसमसला, वयाच्या अकराव्या वर्षी, घरच्यांनी गिटार दिली. मुलगा डावखुरा, पण गिटार धरली ती उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसारखी. आणि त्याचं स्वतःबद्दलचं मत काय? आपल्याला सुराचा कान नाही आणि तालाची जाण नाही!

आता आपल्याकडे अशा मुलाला काय सांगतात? ‘बाळा, तू चित्रकलेला जा.’ फ्रिपने मात्र तोच प्रश्न आयुष्यभर धरून ठेवला. ज्याला सूर-ताल उपजत नाही, तो वाजवायला कसा शिकेल? त्याच्या पुढच्या सगळ्या मास्तरकीचं मूळ इथे आहे. ज्याला सगळं आपोआप येतं त्याला ‘कसं येतं’ ते सांगता येत नाही. ज्याला एकेक पायरी चढून यावं लागतं, त्याला पायऱ्या पाठ असतात.

मधल्या काळात तो वडिलांच्या ऑफिसात बसला. बोर्नमथच्या कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकला. घरचा धंदा सांभाळायचा, असा सरळसोट प्लॅन होता. संध्याकाळी तिथल्या मॅजेस्टिक हॉटेलच्या डान्स ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. त्याच्या आधी त्या खुर्चीवर अँडी समर्स बसायचा, जो पुढे ‘द पोलिस’चा गिटारिस्ट झाला. काय हॉटेल असेल ना ते!

१९६७ मध्ये जाइल्स बंधूंना गाणारा ऑर्गनवादक हवा होता. फ्रिप गातही नव्हता आणि ऑर्गनही वाजवत नव्हता. तरी तो गेला. ‘जॉब डिस्क्रिप्शनमधलं सगळं येत नाही म्हणून अॅप्लायच केलं नाही,’ म्हणणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी. त्या तिघांचा अल्बम फारसा खपला नाही. पण त्यातूनच उभा राहिला किंग क्रिमझन.

पहिली रिहर्सल १३ जानेवारी १९६९ ला. ५ जुलैला लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी स्टेजवर, समोर लाखोंची गर्दी. ऑक्टोबरमध्ये पहिला अल्बम, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’. कव्हरवर तो आ वासून किंचाळणारा लालभडक चेहरा, जो तुम्ही कुठल्या तरी टी-शर्टवर नक्की पाहिलाय. तो काढणारा बॅरी गॉडबर पेशाने कॉम्प्युटर प्रोग्रॅमर होता. त्याने केलेलं हे एकच अल्बम कव्हर. पुढच्याच वर्षी, चोविशीत, तो गेला. कोडिंग करता करता काढलेलं एक चित्र पन्नासहून जास्त वर्षं जगतंय.

आणि मग राजीनामा

जानेवारीत रिहर्सल, ऑक्टोबरमध्ये अल्बम, डिसेंबरमध्ये फूट. कुठल्याही स्टार्टअपला शोभेल असा स्पीड! अमेरिकेच्या दौऱ्यावर इयन मॅकडोनल्ड आणि मायकेल जाइल्स यांनी ‘आम्ही निघतो’ असं सांगितलं. तेव्हा फ्रिप म्हणाला, तुम्ही नका जाऊ, हवं तर मीच जातो. ते ऐकले नाहीत. तेव्हापासून माणसं येत राहिली, जात राहिली आणि खुर्चीवर बसून वाजवणारा फ्रिप तेवढा कायम राहिला.

१९७४ पर्यंत बँड त्याच्या सगळ्यात जबरदस्त फॉर्मात होता. ‘रेड’ हा अल्बम रेकॉर्ड करून झाला होता. याच सुमारास फ्रिपच्या हातात जे. जी. बेनेट यांचं लिखाण पडलं. बेनेट हे गुर्जिएफ यांचे शिष्य. गुर्जिएफ हे नाव पुणेकरांना अगदीच परकं नसावं, कारण ओशोंच्या प्रवचनांत ते वारंवार येतं. माणूस दिवसभर झोपेतच चालतो, झोपेतच बोलतो, झोपेतच भांडतो आणि त्याला वाटतं आपण जागे आहोत, असा त्यांच्या सांगण्याचा थोडक्यात मथितार्थ. लोकलमध्ये चढल्यापासून उतरेपर्यंत फोनमध्ये डोकं घातलेल्या आपल्याला हे पटायला वेळ लागू नये.

फ्रिपला ते असं भिडलं, की सप्टेंबर १९७४ मध्ये त्याने किंग क्रिमझन संपल्याचं जाहीर केलं. ‘रेड’ बाजारात आला तेव्हा तो वाजवायला बँडच नव्हता.

इथपर्यंत आपल्या लिफ्टमधल्या स्वप्नाशी सगळं जुळतं. टॉपला असताना सोडलं, आत्मशोधाला निघाला, टाळ्या! पण खरी गोष्ट पुढे आहे.

शोध कसला, इथे तर कामच काम!

बेनेट यांनी १९७१ मध्ये इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमध्ये शेरबोर्न हाउस या जुन्या मोठ्या वाड्यात एक निवासी शाळा काढली होती. दहा महिन्यांचा कोर्स. डिसेंबर १९७४ मध्ये बेनेट वारले. म्हणजे ज्याच्यासाठी जायचं तो गुरूच उरला नाही. तरी फ्रिप गेला. १९७५-७६ चे दहा महिने तिथे राहिला.

आता तुमच्या डोळ्यासमोर काय येतंय? पांढरे कपडे, मंद संगीत, सुगंधी तेल, मसाज? विसरा! तिथे भल्या पहाटे उठायचं, ध्यानाला बसायचं आणि मग राबायचं. बागकाम, स्वयंपाक, साफसफाई. काम कुठलंही असो, हात काय करतायत याच्यावर पूर्ण लक्ष ठेवायचं. आपल्याकडे जुन्या काळी गाणं शिकायला गुरूच्या घरी राहणारी मुलं पाणी भरायची, झाडलोट करायची, आणि गाणं शिकवायला सुरुवात कधी होणार हे विचारायची सोय नसायची. साधारण तसलाच मामला. सावता माळी मळा सोडून कुठे गेले नाहीत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकलेली असते. मात्र रॉकस्टारने गिटार ठेवून फावडं हातात घेतलं की आपल्याला आश्चर्य वाटतं.

इथे मला पहिल्यांदा हा माणूस आवडायला लागला. कारण आपण जेव्हा ‘सोडून द्यावंसं वाटतंय’ म्हणतो, तेव्हा आपल्या मनात असतं कमी काम. अलार्म नाही, कॉल नाही, बॉस नाही. फ्रिप जिथे गेला तिथे काम जास्त होतं, आराम कमी होता आणि कौतुक तर शून्य. स्टेजवर लाखोंनी पाहिलेल्या माणसाला तिथे कोणी विशेष विचारत नसणार. त्याने नोकरी बदलली नाही. काम करण्याची पद्धत शिकायला तो दहा महिने परत शाळेत बसला.

तेव्हा सॅबॅटिकलचा फॉर्म भरण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा. मी कशापासून पळतोय, की कशाकडे तरी चाललोय?

रिटर्न ऑफ द गिटारिस्ट

कोर्स संपल्यावर तो लगेच ‘मी आता बदललोय’ अशा मुलाखती देत फिरला नाही. आधी मित्रांच्या रेकॉर्डवर वाजवलं. पीटर गॅब्रिएलच्या पहिल्या अल्बमवर, मग ईनोच्या बोलावण्यावरून बोवीकडे. १९७९ मध्ये स्वतःचा ‘एक्स्पोजर’ हा अल्बम काढला आणि त्यात चक्क बेनेट यांच्या भाषणांचे तुकडे वापरले.

त्याच वर्षी तो दोन टेप रेकॉर्डर आणि एक गिटार घेऊन एकटाच दौऱ्यावर निघाला. एका मशीनवर वाजवलेलं टेपवरून फिरून दुसऱ्या मशीनमधून काही सेकंदांनी परत ऐकू यायचं आणि त्याच्यावर तो पुढचं वाजवायचा. आज आपला मित्र पॅडलवर ‘लूप’ लावून कॅफेत गातो ना, त्याचे हे आजोबा! कुठे वाजवलं? रेकॉर्डच्या दुकानांत, रेस्टॉरंट्समध्ये. स्टेडियममधून निघालेला माणूस दुकानाच्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसला. विचार असा, की छोटं युनिट ठेवायचं, चटकन हलणारं, खर्च कमी आणि डोकं शाबूत. आजच्या भाषेत, लीन टीम.

मग १९८१ मध्ये नवा किंग क्रिमझन आणि अल्बमचं नाव ‘डिसिप्लिन’. शिस्त हा शब्द आपल्याला शाळेच्या पीटी सरांमुळे नकोसा झालाय. या अल्बममध्ये शिस्त कशी ऐकू येते सांगू? दोन गिटार वेगवेगळ्या मापाचे तुकडे वाजवत राहतात, एकमेकींना धक्का न लावता सरकत जातात आणि पुन्हा एका ठिकाणी भेटतात. कुणीही हिरो नाही, कुणीही मागे नाही. टीमवर्कवरच्या अख्ख्या ट्रेनिंग प्रोग्रॅमपेक्षा ती पाच मिनिटं ऐका.

मास्तर, सगळ्यांचीच पाटी कोरी

मार्च १९८५. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधलं क्लेमाँट कोर्ट, बेनेट यांच्याच परंपरेतलं केंद्र. तिथे फ्रिपने गिटारचा पहिला निवासी कोर्स घेतला. नाव ‘गिटार क्राफ्ट’. पुढे असे कोर्स वेगवेगळ्या देशांत झाले. २०१० मध्ये गिटार क्राफ्ट हे नाव थांबलं, पण काम ‘गिटार सर्कल’ म्हणून सुरूच राहिलं. २०२२ मध्ये त्याने याच नावाचं पुस्तकही काढलं.

या शिकवणीतली सगळ्यात भारी आयडिया म्हणजे ट्यूनिंग. नेहमीच्या गिटारवर शेजारच्या दोन तारांमध्ये बहुतेक ठिकाणी सा-म इतकं अंतर असतं. फ्रिपने ते बदललं. खालच्या पाच तारा एकमेकींपासून सा-प च्या अंतरावर, व्हायोलिनसारख्या, आणि सहावी तार थोडी जवळ. हे सुचलं १९८३ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये सॉना बाथ घेताना! (ऑफिसच्या ब्रेनस्टॉर्मिंगमध्ये काही का सुचत नाही, त्याचं उत्तर मिळालं.)

याचा परिणाम काय? वीस वर्षं वाजवणारा आणि काल गिटार घेतलेला, दोघेही पहिल्या दिवशी एकाच बाकावर. बोटांना पाठ झालेलं सगळं बाद. सवयीने हात फिरवायला गेलात की बेसूर. मग ऐकावंच लागतं, बघावंच लागतं. आता हेच तुमच्या आयुष्याला लावून बघा. तुम्ही पाच वर्षं एकाच प्रकारचे रिपोर्ट बनवताय. बोटं आपोआप चालतात आणि मन दुसरीकडे असतं. थकवा कामाचा असतो, तसाच तिथे हजर नसण्याचाही असतो.

दुसरी गोष्ट वर्तुळाची. सगळे गोल बसायचे आणि एकेक जण एकेक सूर वाजवायचा. तुमचा सूर शेजारच्याकडून आला आणि पुढच्याकडे गेला, एवढंच. सोपं वाटतं ना? करून बघा. आपला नंबर येईपर्यंत आपण ऐकतच नाही, ‘मी काय वाजवू’ याचीच तयारी करत बसतो. मीटिंगमध्येही आपण दुसरं काय करतो?

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी आणि सगळ्यात अवघड. सकाळी नाश्त्याच्या आधी अर्धा तास काहीही करायचं नाही. खुर्चीवर शांत बसायचं आणि शरीराचा एकेक भाग सैल सोडत जायचा. डोकं, खांदे, हात, पाय. मंत्र नाही, स्कोअर नाही, नोटिफिकेशन नाही. गिटारला हात त्यानंतर. आपले गवई पहाटे उठून खर्ज लावतात ना? तिथे एकच सूर धरायचा असतो. इथे तोही नाही.

या वर्गांमधून पुढे आलेली मंडळीही थोडीथोडकी नाहीत. कॅलिफोर्निया गिटार ट्रिओ हे त्रिकूट तिथलंच. ट्रे गन तर विद्यार्थी म्हणून आला आणि पुढे किंग क्रिमझनमध्येच वाजवू लागला.

मग हा संत आहे का? मुळीच नाही!

वेलनेसच्या गोष्टी नेहमी अशा संपतात : तो शांत झाला, प्रेमळ झाला, नंतर सुखाने नांदला. सॉरी, फ्रिपच्या बाबतीत तसं नाही. टोबी एम्स यांनी किंग क्रिमझनवर केलेली डॉक्युमेंटरी २०२२ मध्ये आली. मिळाली तर जरूर बघा. त्यात जुने साथीदार त्याच्याबद्दल जे बोलतात ते ऐकून एचआरवाले बेशुद्ध पडतील. हा माणूस कडक आहे, खडूस आहे, स्वतःवर जास्तच. कॉन्सर्टमध्ये फोटो काढणाऱ्यांवर त्याचा राग तर जगप्रसिद्ध.

पैशाच्या बाबतीतही तो ‘सब माया है’ म्हणत बसला नाही. जुन्या मॅनेजमेंटशी हक्कांवरून तो वर्षानुवर्षं भांडला. १९९२ मध्ये डेव्हिड सिंगलटनबरोबर स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि नियम ठेवला, की गाण्याचे हक्क कलाकाराकडेच राहतील. सकाळी अर्धा तास डोळे मिटून बसणारा माणूस दिवसा काँट्रॅक्टची ओळ न ओळ वाचतो. मला हे विसंगत वाटत नाही. लक्ष द्यायचं म्हटल्यावर ते बारीक अक्षरातल्या अटींवरही द्यायला हवं. ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणत आपली पिळवणूक सहन करणं म्हणजे अध्यात्म नव्हे, तो नुसता वाईट व्यवहार झाला.

त्याच डॉक्युमेंटरीत दोन प्रसंग आहेत. १९६९ मध्ये बँड सोडून गेलेला इयन मॅकडोनल्ड इतक्या वर्षांनी फ्रिपची माफी मागतो. मॅकडोनल्ड २०२२ च्या फेब्रुवारीत गेला. आणि बिल रीफ्लिन. त्याला कॅन्सर होता, दिवस मोजके होते हे माहीत होतं आणि तरी तो दौऱ्यावर वाजवत होता. २४ मार्च २०२० ला, वयाच्या ५९ व्या वर्षी तो गेला. उरलेला वेळ कुठे घालवायचा हे निवडायची सोय असताना त्याने बँडबरोबर स्टेजवर बसणं निवडलं. लिफ्टमधलं ते ‘सगळं सोडून द्यावंसं वाटतंय’ वाक्य मला तिथे एकदम उलटं ऐकू आलं. शेवटचे दिवस असतील तर आपण आपलं कुठलं काम धरून ठेवू? एकही नाही असं उत्तर आलं, तर राजीनाम्याचा विचार खरंच करा. एखादं आलं, तर ते आज किती मिनिटं करतोय तेही बघा.

तुमच्या-माझ्यासाठी

आता महत्त्वाचा प्रश्न. फ्रिपला जमलं, आपलं काय? आपल्यामागे घराचा हप्ता आहे, आईबाबांचं मेडिक्लेम आहे, नोटीस पीरियड तीन महिन्यांचा आहे. दहा महिने बागकाम करायला गेलो तर परत आल्यावर सीव्हीमधल्या त्या गॅपला काय नाव द्यायचं?

म्हणूनच ते नाव लक्षात ठेवा म्हटलं होतं. स्टीव्ह बॉल. व्हिस्टाचा तो सूर पक्का करणारा मायक्रोसॉफ्टमधला माणूस हा फ्रिपच्या गिटार क्राफ्टचाच विद्यार्थी. त्याने नोकरी सोडून डोंगर गाठला नाही. तो गिटार शिकला, वाजवत राहिला, कंपनीत काम करत राहिला, आणि एक दिवस त्याच्या कंपनीला चार सेकंदांचा आवाज हवा होता तेव्हा त्याला माहीत होतं, की कोणाला बोलवायचं. आपला रोल मॉडेल फ्रिप नाहीच मुळी. आपला रोल मॉडेल हा! ऑफिसचं आयकार्ड गळ्यात आणि सकाळची बैठक चुकलेली नाही.

फ्रिपचं पुढे काय झालं, हेही सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जग घरात कोंडलेलं असताना त्याने मे महिन्यापासून ५० आठवडे दर आठवड्याला एक शांत तुकडा ऐकायला खुला केला. नाव, ‘म्युझिक फॉर क्वाएट मोमेंट्स’. आणि दुसरीकडे हाच गंभीर माणूस बायकोबरोबर, म्हणजे गायिका टॉया विलकॉक्सबरोबर, दर रविवारी धमाल व्हिडिओ टाकायला लागला. नदीकाठी बॅले काय, स्वयंपाकघरात रॉक काय! पन्नास वर्षांची शिस्त असली की वेडेपणा करायचंही धाडस येत असावं. किंग क्रिमझनचा शेवटचा दौरा ८ डिसेंबर २०२१ ला टोकियोत संपला. २०२५ मध्ये इटलीतल्या गिटार कोर्सला जाताना त्याला हार्ट अटॅक आला, तिथेच ऑपरेशन झालं. वय अठ्ठ्याहत्तर, आणि तो निघाला होता कुठे, तर शिकवायला!

तर दोस्तांनो, या आठवड्याचा होमवर्क :

एक. भिंतीवरची गिटार खाली काढा. रोज दहा मिनिटं एकच सूर वाजवा. हळू. गाणं नाही, रील नाही. गिटार नसेल तर रोजचं कुठलंही एक काम घ्या, पोळी लाटणं किंवा भांडी घासणं, आणि हात काय करतायत ते नुसतं बघा.

दोन. उद्या सकाळी फोनच्या आधी खुर्चीवर बसा. अर्धा तास जमणार नाही, दहा मिनिटं चालतील. मी गेले दोन महिने बारा मिनिटांवर आहे. मनःशांती वगैरे अजून आलेली नाही. पण पहिल्या मेलला तडकाफडकी उत्तर देणं थांबलंय, आणि ते आमच्या टीमसाठी पुष्कळ आहे.

तीन. पुढच्या मीटिंगमध्ये समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत आपलं वाक्य मनात तयार करू नका.

आणि एक सीरियस गोष्ट. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सोमवारच काय शुक्रवारही नकोसा वाटत असेल, तर गिटार क्लास नको, ध्यानाचं अॅपही नको. डॉक्टरांना भेटा. बारा मिनिटांची बैठक नंतरही करता येईल.

बाकी लिफ्टमध्ये उद्या कोणी ‘सोडून द्यावंसं वाटतंय सगळं’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा : ‘आणि सकाळी उठून काय करणार?’